आफ्रिकेचं मांडूळ आणि सासूबाई

माझ्या हातून एक साप मेला, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी फुशारकी मारणार आहे, तेव्हा माझं खरं प्रगतिपुस्तक वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

दोन हजार चारमध्ये आम्ही टेक्ससमधल्या फ्रिस्कोला राहायला आलो. नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी डॅलसच्या बाजूला होती. घर कोरं होतं, रस्ता कोरा होता आणि अंगणातलं झाड काठीला बांधून उभं केलेलं होतं. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलंही होतं. इथे मी डिपेंडंट व्हिसावर आले होते, त्यामुळे काम करायला बंदी होती. पहिले काही महिने मी घर लावलं. मग लावलेलं घर पुन्हा वेगळ्या पद्धतीने लावलं. त्यानंतर मात्र माझं डोकं फिरायला लागलं, आणि माझं डोकं मुळात फार स्थिर आहे असं माझ्या माहेरीही कुणी म्हणत नाही.

अशात एका रविवारी डॅलसला सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन आहे असं कळलं. मोठ्या हॉलमध्ये ओळीने टेबलं मांडलेली आणि त्यांवर प्लास्टिकच्या डब्यांतून साप, जसे आपल्याकडे लोणच्याचे नमुने ठेवतात तसे. बोआ म्हटलं की लोकांना बकरी गिळणारं धूड आठवतं. पण बोआंमध्ये हातभर लांबीचे, शांत स्वभावाचे, सुटकेसएवढ्या पेटीत वीस वर्षं सुखाने राहणारेही असतात. मी रोझी बोआ आणली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली, अंगावर लांब तपकिरी-गुलाबी पट्टे. आणि पाहुण्याचा पेला रिकामा दिसू नये या आपल्या संस्काराने मी तिचं पाण्याचं भांडं रोज काठोकाठ भरत राहिले. वाळवंटातल्या प्राण्याला बंद पेटीतली ती ओल सोसत नाही. तिला श्वास लागला. मी ओळखेपर्यंत उशीर झाला होता. कॉलेजात मी जे साप पाहिले ते सगळे फॉर्मॅलिनच्या बरणीत होते, त्यांना काही होत नसे.

नवऱ्याने तिला मागच्या अंगणात पुरलं. त्याला सापाची मनापासून भीती वाटते, तरी त्याने पुरलं. आत येऊन हात धुताना तो म्हणाला, "बास यार आता. नेक्स्ट नको."

मी हो म्हटलं आणि पुढच्या मे महिन्यात दुसरी घेऊन आले.

ही केनियाची सँड बोआ होती, वाळूत राहणारी. दोन फूट लांब, मनगटाएवढी जाड, नारिंगी अंगावर गडद तपकिरी डाग, डोळे मोहरीएवढे आणि शेपूट आखूड, बोथट. या वेळी मी काही नशिबावर सोडलं नाही. तीन फुटी काचेची पेटी, वर क्लिपांची जाळी, आत चार बोटं लाकडाचा भुसा. पेटीच्या एका टोकाखाली विजेची गरम चटई आणि तिला तापमान धरून ठेवणारं यंत्र. गरम टोक इथल्या फॅरनहाइटच्या मापाने ब्याण्णव अंश, थंड टोक अठ्ठ्याहत्तर, म्हणजे तिला हवं तेव्हा उबेत यावं, हवं तेव्हा दूर जावं. पाण्याचं भांडं वाटीएवढं, तेही अर्धं. मी एक वही केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांचं तापमान लिहू लागले. ही साप पाळण्याची हौस राहिली नव्हती. हीसुद्धा माझ्या हातून गेली असती, तर प्राणिशास्त्र हा शब्द मी पुन्हा तोंडातून काढला नसता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

जुलैत मिरजेहून सासूबाई आल्या. सासरे गेल्यावर त्या पहिल्यांदाच इतक्या लांब आल्या होत्या आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत राहणार होत्या. त्यांचं घर इतकं शाकाहारी, की अंडं आणलेली पिशवीसुद्धा दाराबाहेर झटकली जायची. पेटी आम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत, पडद्यामागे लपवली. नवरा म्हणाला, "आईला हळूहळू प्रिपेअर करू." त्याचं हळूहळू म्हणजे कधीच नाही, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी त्या खोवलेला नारळ शोधायला फ्रीझरपाशी गेल्या आणि त्यांच्या हाती दुसरंच पाकीट लागलं. त्या ते घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"उंदीर," मी म्हटलं. खोटं बोलायला काही सुचलंच नाही.

"कोण खातं?"

"आम्ही नाही, आई."

त्यांनी पाकीट ओट्यावर ठेवलं, हात दोनदा साबणाने धुतले आणि म्हणाल्या, "दाखव." मी त्यांना खोलीत नेलं. पडदा सरकवला. भुशातून फक्त डोकं वर आलेलं होतं. मी भुसा बाजूला करून तिला अलगद उचललं. आता किंकाळी येणार म्हणून मी खांदे आवळून घेतले. सासूबाई चष्मा नीट करून वाकल्या.

"हे तर मांडूळ," त्या म्हणाल्या. "आमच्या शेतात नांगराला लागायची. इथे कसं आलं?"

मी म्हटलं, हे आफ्रिकेतलं, पण हो, त्याच्याच भाऊबंदांपैकी. त्यांनी मला सांगितलं की मांडुळाला दोन तोंडं असतात आणि ते सहा महिने या तोंडाने चालतं, सहा महिने त्या. मी सांगितलं की दुसरं तोंड नसून ती शेपूट आहे, शत्रूला फसवायला तशी असते. "तुझ्या पुस्तकात नसेल," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. सापाला त्यांची काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती नारळाशेजारच्या उंदरांना. त्याच आठवड्यात गॅरेजमध्ये एक छोटा फ्रीझर आला आणि स्वयंपाकघरातला मोठा फ्रीझर त्यांनी आतून बाहेरून तीनदा पुसला.

खरं सांगायचं तर मला त्यांच्याबरोबरचे महिने मोजायची सवय होती. त्या चांगल्या होत्या, पण घरभर होत्या. डबे उलटे लावायच्या, दुपारी पडदे ओढायच्या आणि बाहेर निघताना सगळ्यात शेवटी निघून घरातली एकूण एक बटणं बंद करायच्या. इथल्या भिंतीतल्या सॉकेटला बटण नसतं, म्हणून त्या प्लगच उपटायच्या. टोस्टर, मिक्सर, दिवे. परत आल्यावर मायक्रोवेव्हचं घड्याळ लुकलुकत असायचं आणि मी दात आवळून ते पुन्हा लावायचे. पेटीच्या खोलीत मात्र त्या एकट्या जात नसत, म्हणून मी तिथला विचार केला नव्हता.

त्या आल्या त्याच जुलैत बोआने खाणं सोडलं. दर दहा दिवसांनी मी उंदीर कोमट करून चिमट्याने पुढे धरायचे. आधी ती भुशाखालून तिरकी झेप घेऊन पकडायची, आता तोंड फिरवून जायची. ऑगस्ट गेला, सप्टेंबर अर्धा गेला. ती भुशात न शिरता गरम टोकावर पसरून राहायची. वहीत माझं अक्षर बिघडत चाललं होतं. मी पुस्तकं चाळली, इंटरनेटवरच्या लोकांना विचारलं, पेटी उकळत्या पाण्याने धुतली. नवरा रोज ऑफिसातून आल्यावर दारातूनच विचारायचा, "खाल्लं?" आणि माझं तोंड बघून चहा टाकायला जायचा.

सासूबाई दुपारी माझ्यामागे खुर्चीवर बसून हे सगळं बघत असायच्या. एक दिवस म्हणाल्या, "ती आजारी नाही. पोटुशी आहे."

मला राग आला. मी कडवटपणे म्हटलं, "आई, तिच्याबरोबर नर नाहीये."

"आता नसेल. आधी असेल की. बघ ना, मागची बाजू कशी भरलीये. अन्न नको झालंय आणि ऊब सोडवत नाहीये. तीन बाळंतपणं केलीत मी घरात, दोन जावांची आणि एक नणंदेचं."

हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? बोआ अंडी घालत नाहीत, पिल्लांनाच जन्म देतात, हे मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहिलेलं होतं. मी प्रदर्शनातल्या विक्रेत्याचा नंबर शोधून फोन केला. तो आठवून आठवून म्हणाला, हो, एप्रिलमध्ये ती नराबरोबर होती, मला वाटलं काही झालं नाही. मी फोन ठेवला आणि सासूबाईंकडे वळले. त्या भाजी निवडत होत्या. "बरोबर होतं तुमचं," मी म्हटलं. "असतंच," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून ती बाळंतीण झाली. मिरजेला बहिणीशी फोनवर बोलताना सासूबाई "घरात बाळंतपण आहे" म्हणाल्या. पलीकडून काय विचारलं गेलं ते कळलं नाही, पण त्या एकदम "छे, तिचं नाही, सापाचं" म्हणाल्या आणि पुढे बराच वेळ समजावत बसल्या. गरम चटईला त्या शेगडी म्हणायच्या. बाळंतिणीला शेक हवा, हे त्यांचं शास्त्र आणि माझं शास्त्र इथे पहिल्यांदाच जुळलं होतं. आता काळजी दुपटीची होती. पोटातल्या पिल्लांना ती ऊब सतत मिळायला हवी, नाहीतर ती आतच मरतात आणि कधी कधी आईलाही घेऊन जातात.

ऑक्टोबरच्या शेवटी इथल्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. शनिवारी सकाळी बाहेर इतकं छान ऊन होतं की मी पेटीच्या खोलीची खिडकी उघडली. नाटकाची तालीम, फराळाचे डबे, साड्या, सगळी धांदल. आम्ही दोघं गाडीत जाऊन बसलो आणि सासूबाई नेहमीप्रमाणे शेवटी आल्या.

टेक्ससमध्ये उत्तरेकडून थंडीची लाट येते तेव्हा ती निरोप पाठवत नाही. दुपारी आम्ही हॉलमध्ये जेवत होतो तोवर बाहेर वारा फिरला. पाच वाजता पार्किंगमध्ये आलो तर बायका पदर लपेटून गाड्यांकडे पळत होत्या. गाडीतल्या तापमानाच्या आकड्याने सकाळपासून चाळीस अंश खाली उडी मारली होती. घरी पोहोचल्यावर मी चपला न काढता आत धावले. खिडकी सताड उघडी होती. यंत्राचा लाल दिवा विझलेला होता. कॉम्प्युटरच्या एक्स्टेन्शन पट्टीचा प्लग भिंतीतून उपटून नीट गुंडाळून ठेवला होता आणि त्याच पट्टीत शेगडी होती. गरम टोकावर एकसष्ट. ती कोपऱ्यात वळकटी करून पडली होती. मी हात लावला तर ती गार होती आणि हलली नाही.

सासूबाई माझ्यामागे दारात उभ्या होत्या. मी त्यांना नको ते बोलले. तुमच्या त्या सवयीपायी, म्हटलं. कुणी सांगितलं होतं या खोलीत यायला, म्हटलं. आयुष्यभर नुसती बटणं बंद करत आलात, असंही म्हटलं. नवरा मध्ये पडायला गेला, त्यालाही मी गप्प केलं. सासूबाई फक्त म्हणाल्या, "बाळंतिणीची शेगडी विझवली मी," आणि खोलीत जाऊन बसल्या.

खिडकी मी उघडी ठेवली होती, हे मी बोलले नाही. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

एकदम तापवलं तर जीव जातो, म्हणून मी यंत्र आधी सत्तरवर ठेवलं आणि थोडं थोडं वाढवत गेले. झोपायच्या वेळेपर्यंत तिने जीभ काढली. आई वाचली होती. पोटातल्यांचं काही कळायला मार्ग नव्हता.

सकाळी मी चहा घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आई, खिडकी माझी होती." त्या म्हणाल्या, "मला माहीतेय. मी बघितली होती." मग उठून त्यांनी पिशवीतून चिकटपट्टी काढली, पेटीचा प्लग भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून टाकला आणि वर कागद लावला: काढू नये. नवऱ्याने तो वाचून विचारलं, "हे कोणासाठी आहे?" त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी."

नंतरचे बारा दिवस आम्ही दोघी आळीपाळीने पेटीशी बसलो. तापमान आता त्याही लिहायच्या, मराठी आकड्यांत. माझ्या वहीत अजून ती पानं आहेत, ९२ आणि ७८, एकाखाली एक. एकदा त्यांनी विचारलं, "ही गेली तर तू दुसरी आणशील?" मी नाही म्हटलं. "मग जाणार नाही ही," असं म्हणून त्या पुन्हा आकड्याकडे बघत बसल्या.

तेराव्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते आणि सासूबाईंनी आतून हाक मारली. आवाज अगदी साधा होता, त्यामुळे मी पोळी उतरवूनच गेले. भुशावर ओल्या, चकचकीत पातळ पिशव्या पडल्या होत्या आणि त्या हलत होत्या. एकेक नाक बाहेर येत होतं. वीतभर लांबीची, आईसारखीच नारिंगी आणि तपकिरी, प्रत्येकाला मोहरीचे दोन दाणे डोळे. मी मोजायला लागले आणि चुकले. सासूबाईंनी मोजलं. दहा. त्यांच्या बाजूला दोन पिवळे गोळे होते, गर्भ न धरलेल्या अंड्यांचे, आणि एक अकरावी पिशवी, जी हलत नव्हती.

मी ती ओल्या कापसावर घेतली आणि वरचं पातळ आवरण अलगद सोललं. पिल्लू दोरीसारखं लोंबत राहिलं. सासूबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, ज्यांनी आजवर सापाला बोट लावलं नव्हतं त्यांनी, आणि दोन्ही तळव्यांत बंद करून धरलं. मी घड्याळ बघत होते. कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या, "गुदगुल्या होतायत."

अकराच्या अकरा जिवंत. मी तिथेच खाली बसले आणि रडले, अगदी नाक वाहेपर्यंत, आणि मग मला हसू आवरेना. नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो मीटिंग सोडून घरी आला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून पेटीपर्यंत आला आणि म्हणाला, "अगं, हे तर क्यूट आहेत यार." सासूबाईंनी शिरा केला. त्या दिवशी मला कुणी राज्य दिलं असतं तरी मी म्हटलं असतं, तिथे ठेवा, हात रिकामे नाहीत.

आठवड्याभरात पिल्लांनी पहिली कात टाकली आणि प्रत्येकाला छिद्रं पाडलेला वेगळा डबा मिळाला. मग पहिलं जेवण, डोळेही न उघडलेले, बोटाच्या पेराएवढे उंदीर. पाच पिल्लांनी लगेच खाल्लं, पाचांनी नखरे करून खाल्लं. अकराव्याने काही केल्या तोंड लावलं नाही. ते सगळ्यात बारीक होतं आणि दिवसेंदिवस आणखी बारीक होत होतं. सासूबाईंचं तिकीट चार दिवसांवर आलं तेव्हा त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "पुढे ढकल. हे खात नाही तोवर मी जायची नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रीशेड्यूल कर ना मग."

आणखी तीन आठवडे मी सगळे उपाय केले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तू त्याच्याकडे टक लावून बघतेस. लेकरू कधी लोकांसमोर पितं का? पदराआड घ्यावं लागतं." माझ्या शास्त्रातही साप आडोशाला खातो, पण हे मला असं सुचलं नसतं. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि वरून सुती पदर ओढून घेतला. मग त्यांनी हात पुढे केला. अंड्याची पिशवी दाराबाहेर झटकणाऱ्या त्या बाईंच्या हातात मी चिमटा दिला आणि चिमट्यात तो गुलाबी उंदीर. तो हात पदराखाली गेला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण त्यांनी तसं बजावलं होतं.

"ओढलं," त्या म्हणाल्या. मी वळले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ये आता." त्यांनी पदर बाजूला केला. डब्यात पिल्लू होतं, मानेखाली टपोरा फुगवटा घेऊन, आणि चिमटा रिकामा होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की त्यांचा चष्मा डब्यात पडला.

मग त्यांनी हात धुतले, दोनदा, साबणाने. पदर खोचला. "चला, झालं माझं काम," त्या म्हणाल्या. "आता माझं तिकीट बघ."

मी कॉम्प्युटर लावला. विमान कंपनीचं पान उघडलं. पुढच्या शुक्रवारी जागा होत्या, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही होत्या. व्हिसाच्या कागदावर त्यांना जानेवारीच्या मध्यापर्यंत राहता येणार होतं. मी पडद्याकडे नीट बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "सगळी विमानं भरलीयेत, आई. जानेवारीपर्यंत एकही जागा नाहीये."